कशासाठी विचारताय?

पीएच.डी.च्या प्रबंधात एक प्रकरण असं असतं, जे लिहिणारा लिहीत नाही, तपासणारा तपासत नाही आणि वाचणारा अजून जन्माला यायचाय. 'संशोधनाची तात्त्विक बैठक' असं त्याचं भारदस्त नाव. ऑगस्ट कॉम्त, कार्ल मार्क्स, मॅक्स वेबर, थॉमस कून ही मंडळी त्यात लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी ओळीनं छापलेली असतात. कोण कुणाचा कोण हे कुणाला ठाऊक नसतं, पण एक नाव गळलं तर मार्गदर्शक रुसतात. पान उलटलं की खरा विषय सुरू. शंभर उत्तरदाते, पंचवीस प्रश्न, टक्केवारी, रंगीत पाय चार्ट, निष्कर्ष, शिफारशी. वरच्या मंडळींचा पुन्हा कुठं पत्ता नाही.

यूजीसीनं २००९ साली पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं केलं आणि त्यात संशोधन पद्धतीचा पेपर घातला. हेतू चांगला होता. फळ एवढंच, की पूर्वी ज्याला प्रत्यक्षार्थवाद म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याला आता तो शब्द पाठ असतो.

या निमंत्रकांत कून सगळ्यात गमतीचा. हा गडी मुळातला भौतिकशास्त्राचा. १९५८-५९ साली तो अमेरिकेत स्टॅनफर्डला वर्षभर सामाजिक शास्त्रज्ञांच्या संगतीत राहिला आणि चक्रावला. कोणता प्रश्न घ्यायचा, कोणत्या पद्धतीनं सोडवायचा, यावरच या लोकांची जुंपलेली! आमच्या भौतिकशास्त्रात असं का होत नाही, याचा विचार करता करता त्याला 'पॅराडाइम'ची, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेल्या चौकटीची कल्पना सुचली. १९६२ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं हे स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे सामाजिक शास्त्रांत जे त्याला सापडेना, त्याचंच त्यानं बारसं केलं. आणि आज आपल्याकडे सामाजिक शास्त्राच्या प्रबंधात 'प्रस्तुत संशोधनाचा पॅराडाइम' या मथळ्याखाली दोन पानं भरल्याशिवाय सही होत नाही.

माझी सूचना अशी, की हा पेपर बंद करावा आणि उमेदवाराला कारेगावात खोली घेऊन द्यावी.

कारेगाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, नगर रस्त्यावरचं, रांजणगावच्या महागणपतीचं आणि रांजणगाव एमआयडीसीचं शेजारी. तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न, जगात खरोखर काय आहे? इथं तो प्रश्न साध्या भाषेत विचारता येतो. हे गाव आहे की शहर? कारभार ग्रामपंचायतीचा, सरपंच आहे, ग्रामसभा आहे, म्हणजे गाव. पण पाळी सुटल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. कंपनीच्या बसमधून उतरणारी पोरं बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याची, बिहारची आणि उत्तर प्रदेशची. मेसचे डबे, मोबाइलची दुकानं, 'खोली भाड्याने मिळेल'च्या पाट्या, खाली दुकान आणि वर तीन मजले खोल्या. म्हणजे शहर. ग्रामसभेला बसायचा हक्क मतदारयादीत नाव असणाऱ्याचा, आणि या पोरांचं नाव असतं मूळ गावी. त्यामुळे दिवसभर जे गावात दिसतात ते ग्रामसभेत नसतात.

जनगणनेनं हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. नगरपालिका नसली तरी जागेला शहर म्हणायच्या तिच्या तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी, हं! बाई कंपनीत उभ्यानं आठ तास पाळी करत असली, तरी तिच्या कामानं गावाचं शहर होत नाही. तिचा नवरा कंपनीत गेला की होतं. कशाचं मोजमाप करायचं हे ठरवतानाच कोण मोजण्यालायक हे ठरून जातं, असं तिसऱ्या प्रकरणात सहा परिच्छेदांत लिहितात. इथं ते एका अटीत उरकलंय.

बरं, गाव की शहर हा नुसता पंडितांचा वाद असता तर सोडून दिला असता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली भारतातली गरिबी मोजली. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायच्या तर खर्च किती, हे धरून त्यांनी रेघ ओढली. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. हिशोब चोख आणि हेतू प्रामाणिक. पण महिना १८ रुपयांत राहणारा माणूस गरीब की नाही? तो राहतो त्या जागेला काय म्हणता यावर अवलंबून. पोटातली भूक तीच, पाटी बदलली की रेघेच्या वर किंवा खाली. पुढं रेघा बदलल्या, समित्या बदलल्या, पण गाव आणि शहर यांच्या मधला तो खड्डा तसाच राहिला. कारेगाव नेमकं त्या खड्ड्यात वसलंय.

आता दुसरा प्रश्न. जे आहे ते आपल्याला कळतं कसं? विचारून, असं सर्वेक्षणवाले म्हणतात. चला, विचारू या.

एम.ए.ची एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन खोलीमालकिणीच्या ओट्यावर बसलीय.

"मावशी, तुमच्या खोल्या किती?"

"कशासाठी विचारतीस?"

"अभ्यासासाठी."

"कुणाच्या?"

"माझ्याच. कॉलेजच्या."

"ग्रामपंचायतीतनं नाय ना आलीस? मग लिही, चार."

मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग दिसतेय. मुलगी मान वर करून मोजू शकते, पण प्रश्नावलीत 'निरीक्षण' असा रकाना नाही. ती लिहिते चार. चार हा आकडा मग संगणकात जातो, त्याची सरासरी निघते, प्रमाण विचलन निघतं आणि दशांश चिन्हापुढं दोन स्थळांपर्यंत अचूक असं एक असत्य छापून येतं. घरपट्टी नावाचा एक घटक या सगळ्याच्या मुळाशी होता. तो कॉम्तच्या प्रकरणात नव्हता.

मावशी खोटं बोलली का? हो. पण हीच मावशी बँकेत कर्जाला जाईल तेव्हा सगळ्या खोल्या मोजून दाखवील, भाड्यासकट. मुलाचं लग्न जमवताना दोन जास्तच सांगील. तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याला जाईल तेव्हा तिच्यासारखी गरीब तालुक्यात सापडायची नाही. प्रत्येक ठिकाणी तिनं आधी विचारणाऱ्याला जोखलेलं असतं. कोण आहे, कुणाचा आहे, याच्या कागदाचं पुढं काय होणार, त्यात आपला फायदा की तोटा. संशोधकाची भूमिका ज्ञानावर परिणाम करते हा सिद्धान्त मांडून युरोपात लोक प्राध्यापक झाले. मावशीनं तो न मांडता वापरला.

पलीकडच्या टपरीवर कामगाराला विचारा.

"दादा, पगार वेळेवर होतो का?"

दादा आधी मागं बघतो. ठेकेदाराचा सुपरवायझर दोन बाकं सोडून चहा पितोय. "होतो की."

"कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत?"

"चालतंय."

रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली माणसाच्या मनाला ही पाच पायऱ्यांची शिडी लावली. 'चालतंय' तिच्या कुठल्या पायरीवर बसतं हे त्याला कुणी विचारलं नाही. मुलगी 'सहमत'वर टिक करते. निष्कर्ष क्रमांक सात, बहुसंख्य कंत्राटी कामगार कामाबाबत समाधानी आहेत.

कारखान्यात हे सगळं आधी होऊन गेलंय. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग चालले. उजेड वाढवला, कामाचं प्रमाण वाढलं. उजेड कमी केला, तरी वाढलं. शेवटी लोकांनी अर्थ काढला, की आपल्याकडे कुणीतरी बघतंय म्हणूनच कामगार जोरात काम करतायत. पुढच्यांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि तसं काही ठामपणे म्हणता येत नाही असं सांगितलं. पाठ्यपुस्तकात मात्र जुनंच चालू आहे. चालतंय.

खरं तर कारेगावच्या पंचक्रोशीला प्रश्न विचारणाऱ्यांची सवय दोनशे वर्षांची. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालात की वाटेत लोणीकंद लागतं. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८२० च्या सुमारास, थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या गावाची घरं, माती, पिकं, खाणंपिणं, देणंघेणं असा सगळा तपशील लिहून काढला. राज्य नुकतंच हाती आलेलं. कशासाठी विचारताय, हे कोट्सला विचारायची सोय नव्हती. सव्वाशेहून जास्त वर्षांनी मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये तिथंच पोचले. तेव्हाचं आणि आताचं लोणीकंद यावर त्यांचं पुस्तक १९६० साली आलं. गाव एक, विचारणारे दोन, आणि दुसऱ्याची मोजपट्टी पहिल्यानं आखून दिलेली.

शिक्रापूरवरून आत वळलात की जातेगाव बुद्रुक. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी १९२१ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मॅन मूळचा रसायनशास्त्रज्ञ, चहाच्या मळ्यांतून आलेला. त्याआधी १९१७ मध्ये त्यानं पिंपळे सौदागरचा असाच अभ्यास केला होता. १७७१ साली तिथं सरासरी जमीन ४० एकर होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, हा त्याचा आकडा तेव्हापासून भाषणांत फिरतोय. पण मॅनचं मोठेपण वेगळं आहे. पोटाला किती लागतं हे त्यानं लंडनच्या तक्त्यावरून ठरवलं नाही, गावाच्या स्वतःच्या राहणीवरून ठरवलं. आणि त्या मापानंही जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबं तुटीत निघाली. आज पिंपळे सौदागरला फ्लॅटचा भाव विचारायला गेलात तर तुम्हीच तुटीत निघाल.

मॅननं जमिनीच्या तुकड्यांचं दुखणं मांडलं तेव्हाच, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी 'भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय' या विषयावर निबंध लिहिला आणि प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरतच नाही, म्हणाले. हाताशी भांडवल, अवजारं, बैल किती आहेत त्यावर ठरतं. त्या हिशोबानं आपल्याकडची शेतं छोटी नाहीत, उलट झेपण्यापेक्षा मोठी आहेत. शेतीवर रिकामी बसलेली माणसं उद्योगात न्या, हा त्यांचा उपाय. आकडे सगळ्यांसमोर तेच होते. चौकट बदलली आणि रोगाचं नाव बदललं. शंभर वर्षांनी कारेगावच्या शिवाराशेजारी कारखाने उभे आहेत, उपाय अमलात आलाय. फक्त शेतीतून उठलेला माणूस ठेकेदाराच्या रजिस्टरात बसेल आणि दर काही महिन्यांनी त्याचं नाव खोडून पुन्हा लिहिलं जाईल, हे त्या निबंधात नाही.

आणि आता करडे. हेही शिरूर तालुक्यातलं, कारेगावपासून फार लांब नाही. तात्त्विक बैठकीचा खरा पेपर इथं आहे.

डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर उतरवायला काढलं. गाव चिडलं. पण कुणी काठी उचलली नाही. सावकाराचं पाणी कुणी भरेना, हजामत कुणी करेना, चाकरीला कुणी जाईना. शेवटी त्याला गाव सोडून जावं लागलं. बहिष्काराचं हे लोण आसपासच्या गावांत गेलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला, मग शिरूर, भीमथडी, इंदापूर, नगरकडची गावं. लोकांनी बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट मागितली, कर्जरोखे. दिले तर माणसाला हात लावला नाही. रोखे आणि वह्या चावडीपुढं जाळल्या.

सरकारनं आयोग नेमला. कलकत्त्याचं सरकार १८५७ पासून अशा बातम्यांनी दचकायचं, म्हणून मुंबई सरकारची फारशी इच्छा नसतानाही नेमावा लागला. आयोग गावोगाव फिरला, रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या घेतल्या, किमती, व्याजाचे दर, साऱ्याचे दर यांचे तक्ते मांडले. आजच्या कुठल्याही विद्यापीठाला हेवा वाटावा असं क्षेत्रकार्य. फक्त त्याला तपासायला सांगितलेल्या गोष्टींत एक खास प्रश्न होता, सरकारी साऱ्याच्या मागणीमुळे दंगा झाला का? आणि सगळा पुरावा मांडून आयोग म्हणाला, नाही. दोष सावकाराचा. सरकारनं नेमलेल्या माणसांना सरकार निर्दोष आढळलं. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, तोही सावकाराच्या दाव्यांना लगाम घालणारा. सारा जागच्या जागी.

करड्याचा तोच शेतकरी पुढं किती जणांनी वाचला बघा. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सावकारावर थांबायला नकार दिला. शेतसारा, कचेरीतला भटकामगार, आळशी गोरा अधिकारी आणि या सगळ्यांच्या बुडाशी शेतकऱ्याची अविद्या, अशी सगळी साखळी ओढून काढली. विसाव्या शतकात इतिहासकार रवींदर कुमारांना त्यात रयतवारीनं गावाची जुनी घडी कशी विस्कटली ते दिसलं. १९७२ साली नील चार्ल्सवर्थ या इंग्रज इतिहासकारानं लेख लिहिला आणि मथळ्यातच म्हटलं, दख्खनचे दंगे हे एक मिथक आहे. थोड्या गावांत, थोडे दिवस, किरकोळ प्रकार, तुम्ही उगाच मोठा केलाय. इतक्या सगळ्यांच्या मांडणीचा आधार कोणता? बहुतेक वेळा आयोगानं गोळा केलेले तेच कागद. शेतकऱ्यांनी जे कागद जाळले ते सावकाराचे होते. सरकारनं जे केले ते टिकले, आणि आपण आज करड्याला सरकारच्याच डोळ्यांनी ओळखतो. काळूरामचं नाव आपल्याला ठाऊक आहे कारण ते अहवालात आहे. त्याचं पाणी भरायला सगळ्यात आधी कुणी नकार दिला, त्या माणसाचं नाव कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरूंनी २००२ साली एका लेखात सामाजिक शास्त्रांना जो चिमटा काढला तो याच जागेवर. सिद्धान्त मांडणारे वरच्या पंगतीला आणि माहिती गोळा करणारे, माहिती बनणारे खालच्या पंगतीला, अशी ज्ञानातही जात आहे, असं ते म्हणाले. मोठा गदारोळ झाला. मग त्या लेखावर चर्चासत्रं झाली, आणि क्लिपबोर्ड घेऊन करड्याला पुन्हा विद्यार्थीच गेले.

सरकारला मात्र या भानगडींत पडायला वेळ नसतो. मागासलेपण ही समजा एक सामाजिक स्थिती आहे. ती मोजायची कशी? गुण देऊन. मंडल आयोगानं अकरा निकष आणि एकूण २२ गुण ठेवले होते. २०१८ साली न्या. गायकवाड आयोगानं मराठा समाजासाठी २५ पैकी गुणदान केलं आणि साडेएकवीस दिले. पहिला वर्ग, विशेष प्रावीण्यासह. मागासलेपणात. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो अहवाल मानला. सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ ला त्याच अहवालातले नोकऱ्यांचे आकडे वाचले आणि प्रतिनिधित्व पुरेसं आहे असा अर्थ लावला. आयोग, अहवाल, तक्ते सगळं एकच. आरक्षण द्यावं की नाही हा माझा आजचा विषय नाही, त्याला दुसरे शूर लेखक आहेत. मला फक्त एवढं दिसतं, की आकडे स्वतः बोलतात असं म्हणणाऱ्यानं त्या दोन निकालपत्रांच्या मधे एकदा उभं राहावं.

पुढची फेरी जानेवारी २०२४ ची. मराठा समाजासाठीच न्या. शुक्रे आयोगाचं सर्वेक्षण, २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी, दीड कोटीहून जास्त कुटुंबं, दीडशेच्या आसपास प्रश्न, सॉफ्टवेअर गोखले इन्स्टिट्यूटचं. धनंजयराव गाडगीळ १९३० साली याच संस्थेचे पहिले संचालक झाले. त्यांनी पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली तिला वर्षं लागली. इथं अकरा दिवसांत महाराष्ट्र आटोपला. शाळेतले गुरुजी आणि पालिकेचे कर्मचारी दारात उभे, मोबाइलमध्ये ॲप. विधवा बाईला कुंकू लावू देतात का, असाही प्रश्न त्यात होता. कुठल्या घरचा कर्ता माणूस शेजाऱ्यांसमोर अंगणात उभा राहून, गुरुजींच्या तोंडावर 'नाही लावू देत' म्हणेल? ज्या बाईला ठाऊक आहे ती आत. अर्थबोधाचा आग्रह धरणारा वेबर त्या क्षणी अंगणाबाहेर चपला घालत असणार.

एमआयडीसीच्या गावांना आणखी एक पाहुणा नेमानं येतो, सीएसआरवाला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, तेव्हापासून 'गरजांचं सर्वेक्षण' हा नवा संशोधनप्रकार रुजला. वॉटर प्युरिफायरची ऑर्डर आधी जाते, सर्वेक्षण मागून येतं. "गावाला शुद्ध पाण्याची गरज आहे असं तुम्हाला वाटतं का?" नाही म्हणणारा माणूस तुम्हीच शोधून आणा. पुढं 'परिणामांचं मूल्यमापन' होतं, तेही ज्यानं पैसे दिले त्याच्याच पैशानं. मशिनला फीत बांधल्याचा फोटो परिशिष्टात, मशिनचा फिल्टर कोण बदलणार हा प्रश्न प्रश्नावलीबाहेर. कार्ल पॉपर १९३४ साली सांगून गेला, की जे विधान खोटं ठरूच शकत नाही ते विज्ञान नव्हे. त्याला बहुधा गरजांचं सर्वेक्षण दाखवलं नसावं.

कॉम्तचं बिचाऱ्याचं स्वप्न मोठं होतं. ग्रहगोलांचे नियम सापडले तसे समाजाचे सापडतील, म्हणून या शास्त्राला तो आधी 'सामाजिक भौतिकी'च म्हणायचा. बेल्जियमच्या केतलेनं, म्हणजे एका आकडेवाल्यानं, तेच नाव आपल्या पुस्तकाला लावलं, तेव्हा चिडून कॉम्तनं 'सोशिऑलॉजी' हा शब्द घडवला. म्हणजे या शास्त्राचं नाव ठरलं तेच भाऊबंदकीतून. ग्रहांचा एक मोठा फायदा असतो. गुरूला दुर्बीण लावली तर तो "कशासाठी बघताय?" म्हणत नाही, आणि घरपट्टीच्या भीतीनं चार चंद्र लपवून ठेवत नाही.

आता जनगणना येतेय. २०२१ ची राहिली ती राहिलीच. नवी १ मार्च २०२७ हा संदर्भ धरून होणार, आणि या वेळी जातही विचारणार. जातीवर चर्चा भरपूर होईल, व्हायलाच हवी. माझी नजर एका भलत्याच रकान्यावर आहे. २०११ च्या अर्जात स्थलांतराचं कारण विचारलं होतं. नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत, इतर. यातलं एकच निवडायचं. केज तालुक्यातली एखादी मुलगी घ्या. बारावी झालेली, हाताला काम हवं असलेली. स्थळ बघताना घरच्यांनी मुलगा कंपनीत आहे आणि तिकडं बायकांनाही काम मिळतं, हे दोन्ही बघितलं. लग्न झालं, महिनाभरात कारेगावात खोली, दुसऱ्या महिन्यात ती लाइनवर उभी. तिच्या स्थलांतराचं कारण काय? अर्जात ते लग्न. देशभरात कोट्यवधी बायकांच्या नावापुढं हेच कारण आहे, आणि त्यावरून बायका कामासाठी गाव सोडत नाहीत असा निष्कर्ष काढायला कुठल्याही पाय चार्टला अडचण येत नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे पुणे विद्यापीठात जन्मभर शिकवत राहिल्या, की कुठून बघता त्यावर काय दिसतं ते ठरतं. इथं बघण्याची जागा सरकारनं आधीच छापून ठेवलीय.

प्रगणक बहुधा झेडपी शाळेच्या बाई असतील. शाळा सांभाळून करायचं म्हटल्यावर येणार संध्याकाळी. ती मुलगी दुसऱ्या पाळीला, उत्तर द्यायला नवरा घरी. बाई विचारतील, मंडळी इकडं कशामुळे आल्या? तो म्हणेल, माझ्यामुळे.